शत्रूच्या बंदरातला टेम्पो

मोहालीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. दुसऱ्याच्या कामाकडे संशयाने बघण्याचाच मला पगार मिळतो. सीमेवर लढाई सुरू झाली त्या आठवड्यात मात्र माझा संशय रजेवर गेला.

संध्याकाळी सायरन वाजायचा, सेक्टरभरचे दिवे जायचे आणि आमच्या सोसायटीतले लोक खाली जमायचे. चंडीगडमध्ये इतकी वर्षं राहून माझ्या वाट्याला लिफ्टमधलं ‘हांजी’ एवढंच आलं होतं. आता शेजारचे सरदारजी खांद्यावर हात टाकून विचारायचे, "भाईसाब, अंदर की क्या ख़बर है?" कारण चंडीमंदिरच्या छावणीत आमच्या ओळखीचे एक मेजर आणि त्यांची बायको होती, दोघं सांगलीकडचे. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झालेली. मेजरसाहेबांनी मला आजवर सांगितलेली सगळ्यात गुप्त गोष्ट म्हणजे पंचकुल्यात ज्वारीचं पीठ कुठे चांगलं मिळतं. पण मी आवाज खाली आणून म्हणायचो, "ज़्यादा बोल नहीं सकता, जी." लोक माना डोलवायचे. मग टीव्हीवर ऐकलेलंच मी त्यांना सांगायचो, आणि तेच त्यांच्या तोंडून परत ऐकलं की वाटायचं, बघा, सगळीकडून दुजोरा मिळतोय!

त्यातच एक व्हिडिओ आला. शत्रूचं बंदर जळतंय, असं खाली लिहिलेलं. आगीचे लोळ, धूर, आरडाओरडा. मी तो दिसेल त्याला पाठवला.

मेजरसाहेब तेव्हा कामगिरीवर गेले होते. कुठे, ते वहिनींनाही माहीत नव्हतं. एकट्याच आहेत म्हणून माझ्या बायकोने त्यांना दुपारी जेवायला बोलावलं. त्यांना धीर द्यायची जबाबदारी मी आपणहून घेतली.

"वहिनी, हे बघा आणि निश्चिंत व्हा."

त्यांनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा लावला. म्हणाल्या, "भाऊजी, हा माणूस मराठी बोलतोय."

"कोण?"

"हा ओरडणारा. ‘अरे टेम्पो मागं घे, टेम्पो मागं घे!’ ऐका की."

मी ऐकलं. खरंच तसं होतं. सकाळपासून तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेल, पण माझ्याच भाषेतली ती हाक माझ्या कानात शिरली नव्हती. निदान आता तरी गप्प बसावं? मी म्हणालो, "आपलेच लोक आत घुसलेले असणार."

"टेम्पो घेऊन?" बायकोने विचारलं.

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या, आणि मग ते पुसणं काही थांबेना. "सासूबाई रोज फोन करून विचारतात," त्या म्हणाल्या. "टीव्हीवर म्हणतात आपण जिंकलो, मग तो घरी का येत नाही? काय सांगू त्यांना?"

व्हिडिओ खोटा आहे, असं मी सगळ्यांना कळवलं. थोड्या वेळाने नाशिकहून मामांनी तोच मला पाठवला, वर लिहिलेलं, ‘तुला अजून मिळाला नसेल.’

तरीही मी सुधारलो नाही. लढाई थांबल्याची बातमी आली तेव्हा, लाज वाटते सांगायला, मी चिडलो. रंगात आलेला सामना पंचांनी मध्येच थांबवावा तसं वाटलं. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "थांबलं हो भाऊजी, थांबलं!"

"हो," मी म्हणालो, "पण आणखी चार दिवस जर..."

त्या हळू म्हणाल्या, "ताईंना द्या फोन." मी तो बायकोच्या हातात दिला.

काही आठवड्यांनी एका रविवारी मेजरसाहेब वहिनींना घेऊन आमच्याकडे जेवायला आले. बरेच वाळले होते. माझ्याकडे प्रश्न खूप होते, पण त्यांनी ताक मागितलं, आमटीचं कौतुक केलं आणि हात धुऊन आमच्या दिवाणावर जे आडवे झाले ते मोजे न काढताच झोपी गेले. तोंड उघडं, एक हात खाली लोंबकळलेला. वहिनी उशाशी येऊन बसल्या. मी टीव्हीच्या रिमोटकडे हात नेला, तर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी रिमोट ठेवला, खिडकीचा पडदा ओढला, आणि दुपारभर आपल्याच घरात चवड्यांवर चालत राहिलो.