समान संधीचा ण

नव्वदच्या दशकात, मी चौथीत असताना, आम्हांला समान संधी मिळाली. ती येणार म्हणून आदल्या दिवशी शाळेचा व्हरांडा धुऊन घेतला होता.

अर्नाळ्याच्या अलीकडचं आमचं गाव, सगळी घरं मच्छीमारांची. तिथे मुंबईहून एक संशोधक मॅडम आल्या. खेड्यातली मुलं अभ्यासात मागे का पडतात ते शोधून त्यावर उपाय करायचा, असा त्यांचा प्रकल्प होता. मॅडम मनानं खरंच चांगल्या होत्या. एकेकाला जवळ बोलावून त्या कार्डावरचा शब्द वाचायला लावत.

माझी पाळी आली. मी खणखणीत वाचलं, "पानी."

"नीट बघ हं बाळा," मॅडम म्हणाल्या.

मी नीट बघितलं. पाणीच होतं. मॅडमना जरा कमी ऐकू येत असावं असं वाटून मी आणखी मोठ्यानं ओरडले, "पानी!" पुढे 'बान' आणि 'लोनी'ही मी त्याच थाटात वाचलं. आमच्या गावात ण कुणी बोलतच नाही. लिहिताना मी तो बरोबर लिहायचे, पण लिहायला कुणी सांगितलंच नाही.

मी 'मागे पडलेली' ठरले. आमच्या वर्गाच्या बाई गोंधळल्या. "मॅडम, ही पहिली येते. स्कॉलरशिपला बसणार आहे."

"म्हणूनच तर हिच्याकडे आधी लक्ष द्यायला हवं," मॅडम म्हणाल्या. बाईंनी मान डोलावली. मुंबईहून आलेल्या माणसापुढे आमच्याकडे मान डोलावतात.

झालं. शाळा सुटल्यावर शेजारच्या खोलीत, बाहेरगावाहून येणाऱ्या आणि ण म्हणता येणाऱ्या मुलांचा स्कॉलरशिपचा तास, आणि त्याच वेळी आमच्या खोलीत जीभ टाळ्याला लावायचा तास. भिंतीपलीकडून गणितं ऐकू यायची. त्यांची उत्तरं मला येत असायची आणि मी "ण, ण, ण" करत बसायचे. मला भयंकर राग यायचा.

आम्ही मात्र ण मनापासून शिकलो. इतका, की मॅडम परत आल्या तेव्हा सगळे एका सुरात ओरडलो, "णमस्कार!" मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी ण असलेलं. प्रकल्प यशस्वी झाला. स्कॉलरशिपला शेजारच्या खोलीतली मुलं बसली. परीक्षा लेखी होती. तिथे कुणालाही तोंड उघडावं लागलं नाही.

मी परीक्षेला बसले नाही हे आयला कळलं तेव्हा ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "आमच्या बोलन्यानं झालं ना हे?" मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले. आता समान संधीवरच्या बैठकांना मीच जाते, चहाबरोबर बिस्किटं खाते, आणि माझा ण ऐकून माझं गाव कुणाला ओळखता येत नाही.

माहेरी गेलं की आय तांब्या पुढे करते. जरा थांबते, जीभ वळवते आणि म्हणते, "घे गो, पा...णी." तिला ते अजून नीट जमत नाही. मला रडू येतं.

"आय, पानी म्हण ना," मी परवा म्हटलं.

तिनं माझ्या मुलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "नको. पोर ऐकतेय. तिची स्कॉलरशिप हाय यंदा."