बक्कळ हाय, भाऊ

चहाचा ग्लास अर्धा भरला की तो त्यावर तळहात आडवा धरायचा. "बक्कळ हाय, भाऊ." आळेफाट्यावर माझं स्पेअर पार्टचं दुकान, शेजारी त्याचं कुशनचं. तुम्ही फाट्यावर कधी गाडी थांबवली असेल, तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. इतक्या वर्षांत पूर्ण ग्लास घेताना मी त्याला पाहिलं नाही.

ट्रक, ट्रॅक्टर, जीप, कशाचीही फाटकी सीट यावी आणि त्याच्या हातून नवी होऊन जावी. स्वतः मात्र टोमॅटोच्या जुन्या लाकडी खोक्यावर बसून शिवायचा. आम्ही चिडवायचो, "काका, सोताला एखादी गादी शिवा की राव!"

"मला कुठं लांब जायाचंय?" तो म्हणे.

आसपास ख्रिस्ती घर त्यांचं एकच. नवरा-बायको आणि दुकानामागची खोली. मूलबाळ नाही. रविवारी दुकान बंद म्हणजे बंद, मग बाहेर कांद्याच्या ट्रकांची रांग लागो. आत दोघं देवाची गाणी म्हणत. त्याचा आवाज फाटका, तिचा गोड. कांद्याला भाव आला त्या साली आमच्यात जो तो काहीबाही घेत सुटला. मी गाडी घेतली. त्याला विचारलं, "काका, तुमी काय घेतलं?" बायको आतूनच हसली. "ह्यांला देवानं मला दिली, त्यातच खूश हायेत." तो लाजला. खरं सांगतो, मला त्या खोलीचा हेवा वाटायचा.

ती अचानक गेली. आम्ही दुकानदारांनी धावपळ केली आणि स्मशानात लाकडं रचूनही मोकळे झालो. तो हात जोडून आला. "भाऊ, रागावू नका. आमच्यात जाळत न्हाईत, मातीत ठेवत्यात."

जवळपास त्यांची दफनभूमी नव्हती. शेवटी राजुरीच्या एका शेतकऱ्याने रस्त्याकडेचा बांधालगतचा तुकडा दिला. तेव्हा काकाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं. "पावणं, हिच्या शेजारी माझ्यापुरती जागा ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हायली," शेतकरी म्हणाला.

आम्ही म्हटलं, निदान चांगला दगड बसवू, नाव कोरू. त्याने तळहात आडवा धरला. "लाकडाचा क्रूस हाय ना. बक्कळ हाय. तिची जागा देवाला ठाव हाय." पुढे तो क्रूस वाळवीने खाल्ला, वर गवत माजलं. दर रविवारी तो मात्र सायकलने जाऊन नेमका तिथेच बसायचा.

मग रस्ता रुंद व्हायला लागला. शेतकरी तोवर वारला होता, मुलं पुण्याला. एका दुपारी कुणी तरी सांगत आलं, तसं मी काकाला गाडीत घालून नेलं. तिच्या जागेवर मुरूम पसरून झाला होता आणि वर रोलर फिरत होता. रोलरवाला खाली उतरला. माणूस चांगला होता. "काका, दगडबिगड काय नव्हतं वो. दिसलं असतं तर थांबलो असतो."

परतताना गाडीत काका एवढंच म्हणाला, "दगड बसवाया पायजे व्हता, भाऊ."

त्यानंतरही रविवारी दुकान बंद असायचं, पण आतून गाणं यायचं नाही, नुसती 'देवा, देवा' अशी पुटपुट. मी एकदा चिडून विचारलं, "काका, अजून देवालाच हाक मारता?"

"दुसरं कोन हाय मला?"

मी त्याला चहा ओतत होतो. ग्लास अर्धा झाला, हात आडवा आला नाही. मीही थांबलो नाही. काठोकाठ भरला. तो नुसता बघत राहिला, प्यायला नाही.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. लांबच्या शहरातल्या दफनभूमीत, अनोळखी लोकांमध्ये त्याला ठेवलं. या वेळी आम्ही दगड बसवला. नको म्हणायला तो नव्हता.

माझ्या गाडीची सीट त्यानेच शिवलेली. अजून तशीच मऊ आहे. तिच्यावर बसून मी रोज राजुरीला जातो, त्याच्या बायकोवरून.