लव्हॉनचा घडीचा ट्रेलर

लव्हॉन ब्रेकी ट्रेलर घेणार आहे ही बातमी फुटली, तेव्हा अख्ख्या जेम्सटाउनमध्ये सगळ्यात जास्त दात मी काढले. खोटं कशाला बोलू? मी आर्विड कोलस्टॅड, मेडोलार्क मोटरसायकल क्लबातलं जुनं खोड. आमच्यात मोटरसायकल चालवत न्यायची असते, लादून नाही. जी मोटरसायकल कुणाच्या गाडीमागे ट्रेलरवर बसून गावाला जाते, तिला आम्ही 'ट्रेलरची राणी' म्हणतो. तिच्या मालकाला काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लव्हॉन तेव्हा चौसष्टची. एकतीस वर्षं तिने नॉर्थ डकोटाच्या बर्फात शाळेची बस चालवली आणि एकदाही खड्ड्यात घातली नाही. आणि बावीस वर्षं ती आमच्या क्लबची शेपूट होती. शेपूट म्हणजे रांगेत सगळ्यात शेवटी चालणारी. पुढे मिरवायला कुणीही तयार असतं हो! मागे राहून कुणाचा टायर बसला, कुणाचे हात गारठले, कोण वळण चुकलं, हे बघायला माणूस लागतं. नारिंगी जाकीट घालून ती मागे असली की आम्ही निर्धास्त असायचो.

मग तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं. दोन मणके एकमेकांना जोडून टाकले. दिवसातून दोन तास मोटरसायकल, वर एक मिनिट नाही, असं डॉक्टरने बजावलं. आता आमची जुलैतली मोठी फेरी असते माँटानातल्या बेअरटूथ घाटात. घाटमाथ्यापर्यंत जाऊन यायला दोन तास पुरतात. पण फेरी निघते रेड लॉजहून, आणि रेड लॉज आमच्यापासून पावणेसहाशे मैल.

त्यातून क्लबचा नियम. रेड लॉजपर्यंत स्वतःच्या चाकांवर येईल त्यालाच रांगेत जागा. एकोणीस वर्षांपूर्वी हा नियम मीच लिहिला होता, आणि त्या रात्री स्वतःवर फार खूश होऊन झोपलो होतो.

"यंदा आराम कर, लव्हॉन," कॉफी पिताना मी तिला म्हटलं. "जाकीट ब्रेंटला दे. चाळिशीचा गडी आहे, धडधाकट आहे."

"ब्रेंटला आरसा लागतो तो केस विंचरायला," ती म्हणाली. "मी येणार आहे. शेपूट म्हणूनच येणार आहे."

"नियमाचं काय?"

"नियमाचं तिथे गेल्यावर बघू. आधी मोटरसायकल तिथे पोचवायची. ट्रेलर घेतेय."

"म्हणजे राणीसाहेब! बरोबर उशी पण घे मग."

"घेते की. तुझ्या तोंडावर दाबायला."

आता मी चाळीस वर्षं वेल्डिंगचं दुकान चालवलेलं, त्यामुळे टोमणे मारूनही ट्रेलर बघायला तिने मलाच बरोबर घेतलं. नको म्हणायची सोय नव्हती. तिने आधी घरी नेऊन गॅरेज दाखवलं. एका गाडीचं गॅरेज. त्यात गाडी, मोटरसायकल, हरणाच्या मांसाने भरलेला फ्रीजर. कॉलनीच्या कमिटीचा नियम असा, की दारात ट्रेलर एक रात्रही उभा दिसता कामा नये. तिने फ्रीजर आणि भिंत यांच्यामधल्या जमिनीवर खडूने चौकोन आखला होता. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद.

"ह्यात जो उभा राहील तो ट्रेलर," ती म्हणाली.

"आणि गाडी तुझी एवढीशी. ती किती ओढणार?"

"दीड हजार पौंड. मोटरसायकल सव्वापाचशेची. मी शाळेत नापास झाले नव्हते, आर्विड."

फार्गोच्या दुकानातल्या विक्रेत्याने आधी सगळ्यात हलका, सगळ्यात स्वस्त ट्रेलर पुढे केला. लव्हॉनने वाकून चाकं बघितली. बुटाएवढी चाकं, आठ इंची. "ही चाकं माझ्या गाडीच्या चाकांपेक्षा किती जास्त गरगरणार ते सांग," ती म्हणाली. "पावणेसहाशे मैल पळवली की बेअरिंग तापून लाल होतील. गावातल्या गावात गवत कापायचं यंत्र न्यायला ठीक आहे हे." दुसरा ट्रेलर मजबूत होता, मला फार आवडला. मी त्याच्या जोडणीवर हात फिरवत उभा होतो तर ही म्हणाली, "बाजूला हो. तूही हो रे बाबा. कुणी हात लावायचा नाही." एकटीने घडी घालून बघितली. अर्ध्यावर उचलला आणि तिथेच थांबली, दात आवळून. मी पुढे झालो तशी खेकसली, "आर्विड, गॅरेजमध्ये तू राहणार आहेस का माझ्या?"

तिसरा तीनशे वीस पौंडांचा. बारा इंची चाकं, पण जरा महाग. त्याला हाताने फिरवायची चरखी होती. ती फिरवली की ट्रेलर आपोआप उभा राहायचा आणि पाठीला लावलेल्या छोट्या चाकांवर ढकलता यायचा. लव्हॉनने त्याची घडी घातली, उलगडली. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घातली. विक्रेता घड्याळ बघायला लागला. तिने पर्समधून टेप काढला, उभा ट्रेलर मापला आणि म्हणाली, "हा."

घरी आणून मोटरसायकल चढवली. हीसुद्धा एकटीनेच. इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, आणि बाई बाजूने चालतेय. पुढचं चाक खोबणीत बसल्यावर चार पट्टे चार कोपऱ्यांना आवळले, पुढचे दोन जरा जास्त, इतके, की पुढच्या चाकाचा स्प्रिंगवाला फोर्क अर्धा दबला पाहिजे. मी सवयीने बाजूचं स्टँड खाली करायला गेलो.

"काढ ते वर," ती ओरडली. "स्टँडवर उभी केली तर खड्ड्यात स्टँड वाकेल आणि पट्टे ढिले पडतील. एवढी वर्षं मोटरसायकल चालवतोस, तुला एवढं ठाऊक नाही?"

मला ठाऊक होतं. का, ते पुढे सांगतो.

मग तिने बाथरूममधला वजनकाटा आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर ट्रेलरचं नाक, म्हणजे गाडीला जोडायचं टोक, टेकवलं. काटा चाळीसवर थांबला.

"कमी आहे," मी म्हटलं. "एकूण भाराचा दहावा हिस्सा तरी नाकावर पाहिजे, जरा जास्तच. नाहीतर हायवेवर शेपटी हलवत चालेल हा, आणि तुझी गाडी घेऊन गटारात जाईल."

"मग काय करायचं?"

"चाकाची खोबण पुढे घे. चार बोल्ट आहेत. नऊ इंच."

बोल्ट तिने काढले, तिनेच बसवले. मोटरसायकल पुन्हा चढवली. काटा नव्वदला टेकला तेव्हा तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मला खोकला आला. पुढचे तीन रविवार ती शाळेच्या रिकाम्या मैदानात ट्रेलर मागे घ्यायला शिकत होती. चाळीस फुटी बस मागे घेणारी बाई, आणि हा टीचभर ट्रेलर तिचं ऐकेना. आखूड असल्यामुळे स्टीअरिंग जरा हललं की आडवा. पहिल्या रविवारी तिने त्याला जे जे म्हटलं, ते ऐकून पलीकडच्या चर्चमधून बाहेर पडणारी माणसं रस्ता बदलून गेली. तिसऱ्या रविवारी खूण म्हणून ठेवलेल्या दोन डब्यांच्या मधून सरळ मागे आणला.

आता माझं सांगतो, सांगायलाच पाहिजे. त्या आधीची तीन वर्षं मी स्वतः रेड लॉजला मोटरसायकल चालवत गेलेलो नव्हतो. माझी बोटं बधिर होतात. दोन तास झाले की ब्रेक दाबला की नाही तेही कळत नाही. पण हे सांगणार कुणाला? मी सगळ्यांच्या एक दिवस आधी निघायचो, भाड्याचा ट्रेलर पिकअपमागे लावून. रेड लॉजच्या अलीकडे बारा मैलांवर शेतातलं साखरबीट तोलायचं एक जुनं वजनकेंद्र आहे, बंद पडलेलं. त्याच्या मागे दडून बाकीचे पुढे जाईपर्यंत थांबायचं, मोटरसायकल उतरवायची, मातीच्या रस्त्याने गरागरा फिरवून तिच्यावर धूळ बसवायची, आणि मग पिकअप तिथेच ठेवून छाती काढून गावात शिरायचं. वर लव्हॉनला राणीसाहेब म्हणणारा मीच! लाज वाटते आता, पण तेव्हा वाटत नव्हती.

त्या वर्षी मी तिथे पट्टे सोडत होतो आणि एक छोटी गाडी खडीवरून वळून आत आली. मागे घडीचा ट्रेलर. लव्हॉन उतरली. दर शंभर मैलांवर थांबून पट्टे आणि बेअरिंग तपासायचा तिचा नेम होता, आणि शेवटच्या शंभराला तिला सावली हवी होती.

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या ट्रेलरकडे बघितलं. तिने वाकून स्वतःच्या ट्रेलरच्या चाकावर तळहात ठेवला.

"कोमट आहे," ती म्हणाली. "तुझं?"

"बघितलं नाही."

ती आली, माझ्या ट्रेलरचं चाक चाचपलं. "हे तापलंय. जाताना ग्रीस घाल." मग गाडीत बसताना म्हणाली, "तुझे हात दुखतात का रे?"

"बधिर होतात."

"बरं," म्हणाली आणि गेली. मोटरसायकल ट्रेलरवरच. उतरवली नाही, धूळ उडवली नाही. भर दुपारी, सगळा क्लब मोटेलच्या आवारात बिअर पीत बसलेला असताना, तिने ट्रेलर सगळ्यांच्या समोर मागे घेऊन एका दमात जागेवर लावला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, "राणीसाहेब आल्या! गालिचा अंथरा!" तिने खाली उतरून पट्टे सोडले.

संध्याकाळी कार्डं वाचायची पद्धत आहे आमची. घरापासून किती मैल चालवत आलो ते प्रत्येकाने लिहून द्यायचं, आणि अध्यक्ष ते मोठ्याने वाचतो. अध्यक्ष गॉर्डी हॉगन, माझा जुना दोस्त.

"आर्विड कोलस्टॅड, पाचशे सत्त्याहत्तर!" टाळ्या पडल्या. कुणीतरी माझा खांदा थोपटला. "लव्हॉन ब्रेकी..." गॉर्डी थांबला. "शून्य."

हशा झाला, मग आपोआप विरला. गॉर्डी चांगला माणूस आहे, त्याला अवघड झालं. "लव्हॉन, तुला नियम माहीत आहे."

"आहे ना."

"मग जाकीट..."

तिने नारिंगी जाकीट काढलं. नीट घडी घातली आणि ब्रेंटच्या हातात दिलं. बावीस वर्षं. तिचा चेहरा मी बघत होतो, त्यावर काही दिसेना, पण खुर्चीत बसताना तिने टेबलाला धरलं. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मला राग आला असता, आणि राग आला की मला सगळं सोपं जातं. तिने ती सोयच ठेवली नाही.

मी उठलो. "गॉर्डी, माझं कार्ड दे. चुकलंय."

"किती पाहिजे?"

"बारा."

"पाचशे बारा?"

"नुसते बारा. बाकी ट्रेलरवर. तीन वर्षं झाली."

कुणी खोकलं, कुणी बाटलीवरचं लेबल नखाने सोलायला लागलं. गॉर्डीचे कान लाल झाले होते. "आर्विड, नियम तूच लिहिलास."

"हो. गाढव होतो."

"मग तूही रांगेबाहेर. मी काय करू? नियम आहे."

"रांगेबाहेर म्हणजे नेमकं कुठे, गॉर्डी?" हे लव्हॉनने विचारलं.

"म्हणजे रांगेत नाही."

"रांगेच्या मागून चाललं तर?"

गॉर्डीने हात वर केले. "रस्ता सरकारचा आहे बाई. तिथे माझं काय चालणार?"

"झालं तर मग," ती म्हणाली. "सकाळी आठला ना?"

सकाळी आठला चोवीस मोटरसायकली रांगेत निघाल्या. सगळ्यात पुढे गॉर्डी, सगळ्यात मागे नारिंगी जाकिटातला ब्रेंट. त्याच्या मागे थोडी जागा सोडून मी, आणि माझ्या मागे लव्हॉन, ताठ पाठीने. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलंही. तिची जागा गेली होती आणि माझ्या बारा मैलांनी ती परत मिळाली नव्हती.

घाटाच्या पायथ्याशी एक मोटरसायकल कडेला घेतलेली दिसली. म्हातारा एमिल, रांगेत तिसरा असतो तो. मला वाटलं बंद पडली. पण इंजिन चालू होतं. एक पाय जमिनीवर टेकून तो हाताने सगळ्यांना पुढे जा, पुढे जा करत होता. ब्रेंटही पुढे गेला. तेव्हा एमिलने गिअर टाकला आणि गुपचूप माझ्या पुढे येऊन चालायला लागला. हेल्मेटची काच बंद, मान सरळ. मी काय समजायचं ते समजलो: त्याच्या कार्डावरचे मैलही माझ्यासारखेच असणार.

पहिल्या वळणावर आणखी दोघं कडेला उभे. दुसऱ्यावर नवराबायको, दोन मोटरसायकली. मग एक. मग तिघं. मग आणखी पाच. अरे देवा! कुणी कुणाकडे बघत नव्हतं. झाडं संपून उघडा डोंगर लागला तेव्हा ब्रेंटच्या पुढे नऊ जण होते आणि मागे आम्ही सोळा. मी हेल्मेटच्या आत हसत होतो आणि रडतही होतो. साठी ओलांडलेल्या माणसाला काच बंद ठेवून डोळे पुसता येत नाहीत, एवढाच त्रास.

माथ्याच्या अलीकडे, बर्फाच्या भिंतीपाशी, रुंद जागा आहे. तिथे गॉर्डी एकटा उभा होता. सगळी रांग त्याने पुढे जाऊ दिली, ब्रेंटलाही, मलाही. तो घरून किती मैल चालवत आला होता, ते मी आजवर विचारलेलं नाही. मी जरा पुढे जाऊन थांबलो आणि मागे वळून बघितलं. लव्हॉन त्याच्या मागे येऊन थांबली होती.

"चल, पुढे हो," गॉर्डी तिला म्हणाला.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी शेवटी असते."

गॉर्डीने गिअर टाकला आणि तिच्या पुढे निघाला.