धुरकऱ्याचं वजन

जंगल लागलं आणि धर्मेंद्र पुन्हा बसला. या खेपेला त्यानं सावलीही पाहिली नाही. रस्त्याच्या कडेला होता तिथंच टेकला. चंद्रकांता चार पावलं पुढं गेली होती. ती मागं फिरली आणि पदरानं त्याला वारा घालू लागली. चपलेचे पट्टे त्याच्या सुजलेल्या पायांत रुतले होते.

सानगडीहून त्यांच्याबरोबर पहाटे निघालेली माणसं केव्हाच दिसेनाशी झाली होती. आता मागून येणारेही त्यांना ओलांडून जात होते. महाशिवरात्र होती, प्रतापगडच्या महादेवाचा डोंगर ऊन तापायच्या आत चढावा अशी सगळ्यांचीच घाई. एक म्हातारी मात्र थांबली. पोराला काय झालं, म्हणून तिनं विचारलं. चंद्रकांतानं सांगितलं, फार दिवसांचे उपवास आहेत. म्हातारीनं धर्मेंद्रकडे पाहून हात जोडले आणि काठी टेकत पुढं गेली.

धर्मेंद्रनं मान दुसरीकडे फिरवली.

तो चंद्रकांताचा धाकटा दीर. ती लग्न होऊन सानगडीला आली तेव्हा तो शाळेत जायचा, म्हणजे दप्तर घेऊन घरून निघायचा आणि कोणाच्या तरी बैलांमागं दिवस काढून परत यायचा. तेव्हापासून ती त्याला अरेतुरेच करायची. आता तो पस्तिशीला आला होता आणि दिसत होता पन्नाशीचा. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं त्याच्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पोटात अन्न नसल्यानं याचं हृदय दमलं आहे. हळूहळू खायला लागला तर पाहू, नाही तर आमच्या हातात फारसं काही नाही. धर्मेंद्र ताटावर बसायचा. दोन घास जायचे, तिसरा उलटून यायचा.

ऐकून घरातले सगळे खचले. चंद्रकांता खचली नव्हती. इतके सोमवार, इतके गुरुवार, इतक्या चतुर्थ्या ज्यानं उपवासात काढल्या, त्याला महादेव असा अर्ध्यावर कसा सोडील? डॉक्टरनं किती दिवस झाले हा नीट जेवला नाही, असं विचारलं तेव्हा तिनं मान वर करून त्याचे उपवास मोजून दाखवले होते. तिनं तिथंच ठरवलं, की शिवरात्रीला याला पायी न्यायचं, पिंडीसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, यानं आपलं केलं, आता तुझं तू कर. नवऱ्यानं मोटरसायकल काढतो म्हटलं होतं. सासूबाईंनी, गिरजाबाईंनी, एसटीनं जा म्हणून विनवलं होतं. पण धर्मेंद्रच म्हणाला, पायी जातो.

बैल हाकण्याचा त्याचा हात उपजतच. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी दोनचाकी छकडीला जुंपून लांब पट्टीवर सोडतात, आणि तिच्यामागं जीव मुठीत धरून बसतो तो धुरकरी. मिसरूड फुटायच्या आधीच धर्मेंद्र धुरकरी झाला होता. मग कोर्टानं पट बंद केले. त्या वर्षांत तो हैदराबादकडे सेंटरिंगच्या कामाला गेला, तिथलं खाऊन-पिऊन अंगानं भरला, आणि पट पुन्हा सुरू झाल्याचं कळताच हातचं काम टाकून घरी आला. लग्नाचं वय निघून गेलं होतं. पटाच्या नादी माणसाला मुलगी कोण देणार, असं गिरजाबाई म्हणायच्या, आणि तो म्हणायचा, जोडीच्या मागं तर रोज बसतो.

पण पट आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. पूर्वी हातातल्या घड्याळावर भागायचं. आता पट्टीच्या दोन्ही टोकांना मशीन लागली होती आणि ती सेकंदाचेही तुकडे पाडून दाखवायची. डोळ्याला दिसणार नाही एवढ्या फरकानं जोडी हरायची. एकोडीच्या तुलारामजींनी नवी जोडी आणली, धर्मेंद्रला धुरकरी ठेवलं आणि थेट चिंधू सुताराचं घर गाठलं. बैलाच्या पायात आणखी वेग घालता येत नाही, तेव्हा मागचं ओझं उतरव, एवढंच त्यांचं सांगणं.

चिंधूनं आधी लोखंडाच्या पट्ट्या काढल्या. मग बाभळीचा धुरा जाऊन बांबूचा आला. चाकांचे आरे तासून बारीक झाले. जिथं लाकूड जाड दिसलं तिथं त्यानं गिरमिटानं भोकं पाडली, इतकी की छकडी चाळणीसारखी दिसू लागली. शेवटी बसायची फळीही गेली. दोन काड्यांवर तळवे टेकून धर्मेंद्र उकिडवा बसायचा. काही काढलं, की छकडी राईस मिलच्या वजनकाट्यावर चढायची. एका पटात बांबू त्याच्याखाली कडकडला, तो थोडक्यात वाचला. चिंधूनं तडा पाहिला आणि मिलच्या अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला, "आता लाकडात काढाले काई उरलं नाही, तुलारामजी. आता धुरकऱ्यालेच रंधा मारा लागते."

सगळे हसले. धर्मेंद्रही हसला आणि गंमत म्हणून काट्यावर चढला. तुलारामजी मात्र हसले नाहीत. त्यांनी वाकून काटा पाहिला आणि त्याच्या पोटावर बोट टेकवून म्हणाले, "मंग हे कायले वागवून राहिला?"

त्या श्रावणात धर्मेंद्रनं घरी सांगितलं, की मी सोमवार धरतो. चंद्रकांताला आभाळ ठेंगणं झालं. दिराची कोंबडी-दारू सुटावी म्हणून तिनं देवाला किती वेळा हात जोडले होते, ते तिचं तिलाच माहीत. ती त्याच्यासाठी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करायची, भगर करायची, वर लिंबाचं लोणचं. बैलांजवळ बसून खातो म्हणून तो ताट घेऊन गोठ्यात जायचा आणि ताट स्वच्छ परत यायचं. श्रावण संपला, सोमवार संपले नाहीत. गुरुवार आले, शनिवार आले. भजनाच्या बायकांना ती त्याचं उदाहरण द्यायची. त्याची गळ्याखालची हाडं वर आली तेव्हा गिरजाबाई काळजीत पडल्या. चंद्रकांतानं समजूत घातली, की देवाच्या कामात अंग उतरतंच. त्या वर्षी घरची गाय मात्र चांगली भरली होती. चारा मानवला, असं गिरजाबाई म्हणायच्या.

एकदाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. पटाच्या सकाळी तो हातातलं चांदीचं कडं काढून ठेवायचा, तसा त्या दिवशी दंडाचा गंडाही काढून कोनाड्यात ठेवलेला दिसला. आईनं प्रतापगडहूनच आणून बांधलेला. तिनं विचारलं, तर धागा तुटतो म्हणाला. धागा तुटतो म्हणून कोणी गंडा काढत नाही, पण ती पुढं बोलली नाही. संध्याकाळी तो गुलालानं माखून आला आणि ती गोष्ट तिथंच राहिली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी ते बरेच पट जिंकले. छकडी आणखी बारीक झाली. तोही झाला.

मग या पौषातला पट. झेंडी पडली, जोडी उसळली आणि पहिल्याच हिसक्याला धर्मेंद्र मागं मातीत पडला. छकडीनं फेकलं नव्हतं. त्याला भोवळ आली होती. बैल तसेच सुटले. रिकामी छकडी पट्टीभर उडत गेली आणि मशीननं वेळ दाखवली. त्या दिवसातली सगळ्यात कमी. रिकाम्या छकडीची वेळ धरत नाहीत, पण माईकवाल्यानं आकडा वाचून टाकला आणि सगळं मैदान हसलं. तुलारामजी एकदा दवाखान्यात केळी घेऊन आले, खाली बघत बसले आणि गेले. पुढच्या पटाला त्यांच्या जोडीमागं दुसरा धुरकरी होता.

रस्त्याच्या कडेला चंद्रकांतानं बाटलीचं टोपण उघडून धर्मेंद्रला पाणी दिलं. एक ऑटो माणसं भरून चालला होता. त्याला हात दाखवू का, असं तिनं विचारलं. धर्मेंद्रनं नको म्हटलं. मग ती त्याला धीर देऊ लागली. आता फार राहिलं नाही. वर पोचलो, पिंडीवर पाणी घातलं, की झालं. एवढे सोमवार देवाच्या दारात वाया जात नाहीत.

"वयनी," तो म्हणाला, "माहा एकई सोमवार महादेवाचा नव्हता."

तिला वाटलं, त्याला ऊन लागलं. तिनं पदर ओला करून त्याच्या कपाळाला लावला. त्यानं तिचा हात खाली घेतला आणि थांबत थांबत सगळं सांगितलं. चिंधूचा रंधा. तुलारामजींचं बोट. गोठ्यात नेलेला शिरा रोज गाईनं खाल्ला, भगर गाईनं खाल्ली. पटाच्या आदल्या दिवशी तो पाणीसुद्धा घोटभरच प्यायचा. घरात जेवत नाही म्हटलं असतं तर आई रडली असती. देवाचं नाव घेतलं, की कोणी आग्रह करत नव्हतं.

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुमाले सांगतलं असतं, त तुमी जेवू घातलं असतं."

चंद्रकांता त्याच्याशेजारी मातीत बसली. मघाच्या म्हातारीचे जोडलेले हात तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. आपणच शिरा ढवळला, आपणच ताट हातात दिलं, आपणच चारचौघींत मिरवलं. आणि आज कोणत्या तोंडानं वर जायचं होतं? ती मागायला निघाली नव्हती, हक्काचं न्यायला निघाली होती. आता हात रिकामे होते. रस्त्यानं 'हर बोला महादेव' म्हणत एक टोळी गेली, तिच्या तोंडून नेहमीची साथ निघाली नाही.

"देवाच्या नावानं खोटं बोलला तू," ती म्हणाली.

"हो."

"मंग आता कायले चाललो आपन तिथं?"

धर्मेंद्रनं चपला काढल्या. पायांवर पट्ट्यांचे खोल वळ उठले होते. तो ते अंगठ्यानं दाबत राहिला. दाबलेलं मांस वर येत नव्हतं.

"भूक त खरी होती, वयनी," तो म्हणाला. "रात्री पोटात पीळ पडे, ते काई खोटं नव्हतं. पट त गेला. तुलारामजीच्याई कामी नाही आली. आता ते भूक कोनाचीच नाही, तशीच पडून हाये. मी सांगीन, त महादेव माहं आयकनार नाही. तुमचं आयकते. तुमी त्याले म्हना, हे सोमवार तुहेच होते. पोराले समजलं नाही कोनाले देऊन राहिला ते. माह्यासाठी दुसरं काई मांगू नोका. एवढे ठेवून घे म्हना."