वन्संच्या यंत्राची परीक्षा

माझ्या थोरल्या नणंदेने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकाच खोलीत चोवीस वर्षं काढली. मी तिथेच टायपिस्ट. घरी वन्सं आणि कचेरीतही वन्संच. दुसरी हाक माझ्या तोंडी बसली नाही. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "एक आहे की सांभाळायला. रोज सकाळी तापायलाच दीड तास घेतो."

तो म्हणजे त्यांचा अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर. दोन कपाटांएवढा, पुढून नुसतं वायरींचं जंजाळ. बेरीज-गुणाकार त्याला ठाऊकच नव्हते. शहरातल्या एकेका नळासाठी आत तारेचं एकेक वेटोळं होतं. अरुंद नळाचं वेटोळं जास्त अडवणारं, रुंद नळाचं कमी. पाण्याच्या जागी वीज सोडायची, बटण फिरवायचं, की कुठल्या भागात पाणी किती चढेल ते काटा तिथल्या तिथे दाखवायचा. फक्त खोली तापली की काटा केसभर सरकायचा. म्हणून वन्सं प्रत्येक प्रश्न तीनदा लावायच्या आणि मधलं उत्तर धरायच्या.

मग डिजिटल कॉम्प्युटर आला. त्याला सगळं आकड्यांत भरवायचं, आणि तो एकेक पायरी मोजत उत्तराला पोचायचा. शंभरदा विचारा, शंभरदा तेच उत्तर, आणि दशांशचिन्हापुढे सहा आकडे. नवे साहेब म्हणाले, दोघांना एकच प्रश्न घालू, मग या खोलीचं काय करायचं ते ठरवू.

टेकडीवरच्या वस्तीत पाणी किती मीटर चढेल, असा प्रश्न होता. वन्संनी माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली: १८.४, १८.९, १८.६.

"वन्सं, रकाना एकच आहे. मधलं टाकते. तुम्ही नेहमी तेच धरता ना?"

"धरते. पण इथे यंत्राने काय सांगितलं ते विचारलंय. त्याने तीन सांगितलेत."

"साहेब नवे आहेत. त्यांना कळायचं नाही."

"न कळायला काय झालं? चांगले शिकलेले आहेत."

"शिकलेल्यांचीच मला भीती वाटते."

"टाइप कर गं बाई, जेवायची वेळ होत आलीय."

मी तिन्ही टाइप केले. रकान्यात मावेनात, एक समासात गेला.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. नव्याचं उत्तर होतं १८.६१३२७४. त्यांनी विचारलं, "तुमच्या तिन्हींतलं खरं कोणतं, बाई?"

"तिन्ही जवळपास."

"जवळपास," साहेब म्हणाले. चिडून नाही.

"साहेब, नळ चाळीस वर्षांचे. आतून किती गंजलेत ते कुणी पाहिलंय? मग ते पुढचे पाच आकडे आले कुठून?"

"तुमचं म्हणणं मला पटतं. पण मला वर एकच उत्तर पाठवावं लागतं."

महिन्याभरात यंत्र निघालं. कामगार वायरी ओढून तोडत होते, तेव्हा वन्सं पुढे झाल्या आणि एकेक वायर स्वतः सोडवत बसल्या. आता त्या तक्रारींच्या टेबलावर असतात. दिवसभर फोन उचलायचा आणि लोकांचं ऐकून घ्यायचं. निवृत्तीला अजून सात वर्षं आहेत.

देवाजवळ मी कधी कुणाचं वाईट मागितलं नाही. त्या दिवसांत मागितलं, की नवा कॉम्प्युटर एकदा तरी चुकू दे. दोन वर्षं झाली, चुकला नाही. टेकडीवर पाणी व्यवस्थित चढतं. तिथल्या बायकांच्या हंड्यात पाणी पडतंय याचं मला वाईट वाटलं, हे देवाला दिसलंच असणार.

परवा भाजी निवडताना मी म्हटलं, "वन्सं, तेव्हा मी मधलं उत्तर टाकलं असतं तर?"

"तरी यंत्र गेलंच असतं. वर्षभर उशिरा."

"ते वर्ष तरी मिळालं असतं."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, "हो, ते मिळालं असतं."