गराजच्या तोंडाशी ऊन

अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या घरात बारा महिने अमेरिकन मापाने बहात्तर अंश असतात. बाहेर बर्फ पडो नाहीतर रस्त्याचं डांबर वितळो, आत बहात्तर. इतकी वर्षं मी ते निमूट चालवून घेतलं, कारण नवरा पुण्याचा आणि त्याला जराही गारठा सोसत नसे. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि त्याच बहात्तर अंशांत मला हुडहुडी भरायला लागली.

मी कानपूरची. घर अस्सल मराठी, पण वडील तिथल्या कारखान्यात नोकरीला, त्यामुळे माझं सगळं लहानपण तिथलं. पुण्या-साताऱ्याचे नातेवाईक यायचे आणि आमची कीव करायचे. मे महिन्यात आले तर "काय ही भट्टी!", डिसेंबरात आले तर "काय हे धुकं! माणसं राहतात कशी इथे?" मला त्यांचा भयंकर राग यायचा. आम्ही राहत होतो, आणि मजेत राहत होतो. फक्त आमचा संसार ऋतूप्रमाणे घरभर फिरायचा.

उन्हाळ्यात लू सुटली, म्हणजे ती अंग भाजणारी वाऱ्याची झळ, की सकाळीच दारं-खिडक्या बंद. खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, आत अंधार, पन्हं आणि झोप. ऊन उतरेपर्यंत कुणीही कडी वाजवली तरी आई दार उघडत नसे. एकदा वडिलांचे साहेब आले, तेही तसेच परत गेले. आईला त्याचं काहीही वाटलं नाही.

हिवाळ्यात सगळं उलटं. आठ-आठ दिवस धुकं, समोरचं घर दिसायचं नाही. मग एखाद्या सकाळी ऊन पडायचं आणि अख्खं शहर आपापलं काम उचलून बाहेर यायचं. बँकेतले कारकून अंगणात खुर्च्या टाकायचे. आमच्या बाई फळ्यासकट वर्ग मैदानावर न्यायच्या. आईचं स्वयंपाकघर गच्चीवर चढायचं: शेगडी, रजया, मटारचा ढीग, काळं मीठ लावलेले पेरू. अशा दिवशी जो घरात बसून राही, त्याची तब्येत बरी नाही असं शेजारी धरून चालायचे.

यंदा इथे मार्च लागला तरी बर्फ हटला नव्हता. आठवडाभर आभाळ भरलेलं, आणि मग एक दिवस लख्ख ऊन. आमच्या गराजचं तोंड दक्षिणेला आहे. तिन्ही बाजूंनी भिंती, वाऱ्याचं नाव नाही. मी गाडी बाहेर रस्त्यावर लावली, दार वर केलं, गाडीच्या जागी खुर्ची टाकली आणि रजई पांघरून मटार सोलत बसले.

समोरची शेजारीण धावत आली. भली बाई आहे. दार लॉक होऊन बाहेर अडकलात का, तिने विचारलं. नाही. कुणाची वाट बघताय? नाही. मग? मी वर बोट दाखवून म्हटलं, "सन." तिने माझ्याकडे पाहिलं, रजईकडे पाहिलं, बर्फाच्या ढिगांकडे पाहिलं, आणि घरी जाऊन माझ्या मुलीला फोन केला. मुलगी दूर दक्षिणेत, कॅरी नावाच्या गावात राहते.

मुलगी शुक्रवारी विमानाने हजर.

"आई, इट्स फिफ्टीन डिग्रीज आउटसाइड!" म्हणजे आपल्या मापाने शून्याखाली नऊ.

"सावलीत," मी म्हटलं.

तिने येतानाच सगळं ठरवून आणलं होतं. त्याच दुपारी माझी स्मरणशक्ती तपासायला डॉक्टर, रविवारी घर विकायला एजंट, आणि कॅरीच्या तिच्या घरात माझी खोली. "तिकडे स्नो नाही, काही नाही. या असल्या वेदरमध्ये तू राहतेस कशी?" अगदी पुण्या-साताऱ्याचा सूर. माझा तो जुना राग जसाच्या तसा वर आला.

डॉक्टर तरुण होता. त्याने तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं. मग विचारलं, सध्या ऋतू कोणता? मुलगी खुर्चीत पुढे सरकली. माझं घर या उत्तरावर टांगलेलं आहे, हे मला कळत होतं.

मी म्हटलं, "हिवाळा. पण चाललाय. सूर्य वर चढतोय. गेल्या महिन्यात गराजमध्ये ऊन पार मागच्या फ्रीजरपर्यंत जायचं, आता अलीकडे फावड्यापाशीच थांबतं. थोड्या दिवसांत खुर्ची ड्राइव्हवेवर काढावी लागेल."

डॉक्टर हसला आणि मुलीला म्हणाला, यांना काहीही झालेलं नाही. मुलगी हसली नाही.

"टेस्ट पास झालीस म्हणून काय झालं?" गाडीत ती म्हणाली. "घरात हीटिंग आहे ना? मग बाहेर कशाला बसायचं?"

"घरात मला थंडी वाजते," मी म्हटलं. "बाबा गेल्यापासून."



रविवारी पुन्हा ऊन पडलं. एजंट यायची होती, पण मी दार वर केलं आणि माझ्या जागी जाऊन बसले. मुलीने आतबाहेर चार फेऱ्या मारल्या, मग बाबांचं जाड जॅकेट घालून आली आणि एक खोकं उपडं करून माझ्याशेजारी बसली. मी मटारच्या शेंगा तिच्या मांडीवर ओतल्या. थोड्या वेळाने तिने जॅकेटची चेन खाली ओढली.

"गरम होतंय," ती म्हणाली.

तेवढ्यात एजंटची गाडी ड्राइव्हवेत वळली. मी उठले नाही, खुर्चीही हलवली नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या शेंगा भांड्यात ठेवल्या आणि गाडीपाशी गेली. काचेतून दोघी काहीतरी बोलल्या. गाडी मागे गेली आणि निघून गेली.

ती परत येऊन खोक्यावर बसली. "मी तिला मेमध्ये यायला सांगितलंय," माझ्याकडे न बघता म्हणाली. "जस्ट टु लुक."

"येऊ दे की," मी म्हटलं. "मेमध्ये मी दार उघडत नाही."