न चाखलेला कीस

बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या घरासमोर रिक्षा उभी होती आणि मी न्हाणीघरात उलटी करत होते. मी हसतखेळत गेले असं तुम्ही सगळे सांगता, ते खोटं आहे. माझा थोरला भाऊ अण्णा दाराबाहेरून ओरडत होता, "अगं, मुंबईची बस सुटेल! आफ्रिकेला निघालीस की फासावर?" शेजारच्या जयम्मानं हातात लोणच्याची बरणी कोंबली. म्हणाली, "अक्का, स्वल्प जपून राहा." मी तिच्या कानडीतच "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हटलं. बरणी पदराखाली धरून रिक्षात बसले.

मी चौथी शिकलेली बाई. नवरा वारलेला. एकच मुलगी, नलिनी. लग्न केलं नाही, शाळेत शिकवायची. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत तिला टांझानियातल्या एका खेड्यात तीन वर्षांसाठी शिकवायला बोलावलं. मी अण्णाच्या सुनेच्या हाताखाली राहायचं की लेकीबरोबर जायचं, एवढाच प्रश्न होता. आफ्रिकेची भीती होतीच, सुनेची जास्त होती.

तिथली शाळा गावानंच काढलेली. दोन खोल्या, वर गवत. दोनाच्या पाच खोल्या करायच्या होत्या. बाहेरची मदत तीनच वर्षं मिळणार, पुढे गावानं आपली आपण चालवायची. म्हणून आईबाप विटा भाजायचे आणि शाळेच्या शेतात मुहोगो लावायचे. मुहोगो म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा करतो तो कंद. त्यावर मुलांचं दुपारचं जेवण व्हायचं. मुलींना तर त्या जेवणासाठीच शाळेत पाठवत.

स्वयंपाक मुलांच्या आया पाळीनं करत. त्यांची म्होरकी मामा झुहुरा. तिकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात. मी तिच्या चुलीशी शेंगा सोलत बसायचे. सापाला भ्यायचे, तापाला भ्यायचे, विहिरीच्या पाण्याला भ्यायचे. ज्याला भ्यायला हवं होतं त्याला मात्र भ्याले नाही.

शेतातला मुहोगो त्या बाया सोलून चार दिवस पाण्यात कुजत घालत, मग वाळवून कांडत. वास असा की मी नाकाला पदर लावायचे. "चांगला कंद सडवून खातात गं या," असं मी नलिनीला म्हणायचे. झुहुराच्या परसातला मी ताजाच उकडून खाल्ला होता, रताळ्यासारखा गोड. परसातला वेगळा आणि शेतातला वेगळा, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. "तुला सगळं येतं असं तुला फार वाटतं," असं माझी आई मला लहानपणी म्हणायची. बरोबर म्हणायची.

एका एकादशीला झुहुरा वीटभट्टीवर गेली होती. मी म्हटलं, आज मी करते. शेतातला ताजा मुहोगो खणवून आणला, किसला, दाण्याचं कूट आणि बेंगळुरूहून नेलेलं जिरं घालून रताळ्यासारखा कीस केला. नैवेद्य दाखवायचा म्हणून चाखला नाही. आपल्याकडे चाखत नाहीत. देवाच्या तसबिरीपुढे वाटी ठेवली आणि मुलांना वाढलं. मी मागाहून जेवणार होते. आपल्याकडे बाई आधी जेवत नाही.

एक मुलगा म्हणाला, "बीबी, कडू आहे." बीबी म्हणजे आजी.

मी म्हटलं, "मुकाट्यानं खा. आमच्या देशातलं आहे."

खाल्लं त्यांनी. मोठ्या माणसाचं ऐकायची रीत तिथेही आहे. सहा वर्षांची नीमा माझा पदर धरून फिरायची, तिनं तर ताटली पुसून खाल्ली.

तासाभरात एक ओकला, मग चार, मग मोजता येईना. नीमा मटकन खाली बसली आणि तिचे डोळे फिरले. नलिनी धावत आली. "आई, काय घातलंस त्यात? आई, बोल!" मी भांड्याकडे बोट दाखवलं. झुहुरा भट्टीवरून विटकरी हातांनीच आली, भांड्यातला घास जिभेवर ठेवला आणि थुंकली. "शेतातला कडू असतो, न कुजवता विष," म्हणाली. मग ती मुलांच्या घशात बोटं घालत सुटली. नीमाला विटांच्या ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं. तिच्या आईनं जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

खरं सांगते, मला पहिली भीती नीमाची वाटली नाही. मला पकडून नेतील याची वाटली. मग नीमाची वाटली, आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छातीवर बसून होती. तोवर बाकीची मुलं उठून हिंडू लागली होती. मग नीमाही आली, चालत नाही, बापाच्या खांद्यावर. पण आली.

आंब्याखाली गाव जमलं. नीमाचा बाप म्हणाला, "जेवण बंद करा. परक्या हाताचं पोरं खाणार नाहीत." जेवण बंद म्हणजे मुली घरी बसणार, शाळा दोन खोल्यांवरच राहणार. नलिनी उठून म्हणाली, आम्ही दोघी परत जातो. तिचा आवाज फुटला होता. मी तो कधी तसा ऐकला नव्हता.

झुहुरा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "परकी कशी? सहा महिने माझ्या चुलीला चिकटलीय. मी सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही. दोघी गाढवी." लोक हसले. मी हसले नाही. "आता जी शिजवेल ती सगळ्यांसमोर आधी खाईल," ती म्हणाली. "उद्या हीच शिजवेल."

दुसऱ्या दिवशी मी भिजवून वाळवलेल्या मुहोगोच्या पिठाचा उकडलेला गोळा केला. आया रांगेनं उभ्या होत्या. मुलांच्या आधी, देवाच्याही आधी, मी घास तोंडात घातला. चावून गिळला. झुहुरानं सगळ्यांना बराच वेळ थांबवून ठेवलं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग नीमाच्या आईनं पोरीला कडेवरून खाली उतरवलं आणि म्हणाली, "जा, बीबीजवळ बस."

पुढे पाच खोल्या झाल्या. आम्ही निघालो तेव्हा शाळा गावच चालवत होतं, अजून चालवतं.

मी मल्लेश्वरमला परत आले. आता नैवेद्याआधी चाखते, अण्णाची सून नाक मुरडते, मुरडू दे. इथे तुम्ही माझ्या हातचं न बघता खाता, कारण मी तुमची बहीण, तुमची आत्या. तिथे माझ्या हातून काय झालं ते डोळ्यांनी बघून एका बाईनं आपली पोर माझ्या ताटलीशी बसवली. घर कुठलं म्हणून विचारलंत तर पत्ता इथलाच सांगेन. पण घर म्हटलं की आठवतं ते तेच, ती पोर माझ्या ताटलीशी बसलेली.